पन्नास फेऱ्यांचं खानदान

माझ्या पत्रकातली सात वाक्यं खोडून चारच शिल्लक ठेवणारा माणूस मला आयुष्यात एकदाच भेटला. सुखदेव मिस्त्री. खामगावातल्या एका जिनात त्यांनी एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुई करायचा कारखाना. वऱ्हाडात हे सांगावं लागत नाही, पण हे वाचणारे सगळेच वऱ्हाडातले नसतील. त्या जिनाचं नाव मी लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे, मिस्त्रींनीच तसं मागितलं होतं. "नाव लिव्हलं की लोक नावच वाचतात. बाकीचं कोन वाचते?"

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. देऊळघाटहून येऊन खामगावात मैत्रिणीबरोबर खोली करून राहत होते. आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील शाळेत शिपाई. हाती लागेल ते पत्रक घरी आणायचे आणि आम्हा भावंडांकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. उद्गारचिन्हाशिवायही वाक्य संपतं, हे मला बरंच उशिरा कळलं. जिनात कापूस टाकणाऱ्या बायांचे कान जातात आणि त्याची कुठे साधी नोंदही होत नाही, हे समजल्यावर मी पत्रक लिहायलाच बसले. फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप घेतलं, जिनाच्या भिंतीला पाठ लावून आकडा टिपला आणि तो ठळक अक्षरात टाकला. जिनामागच्या वस्तीतल्या बाया म्हणाल्या, "छापाच्या आधी मिस्त्रीले दाखव."

मिस्त्री दारात बाजेवर बसले होते. ओळीखाली बोट फिरवत सगळं वाचलं. मग खिशातून लाल पेन काढलं.

"हे तुले माहीत हाये, का वाटते?"

"सगळ्याईले माहीत हाये, मामा."

"सगळ्याईचं नोको सांगू. तुले?"

ओळ खोडली गेली. मग पुढची. आकड्याशी आले तेव्हा त्यांनी माझा फोन मागून घेतला, उलटापालटा करून पाहिला. "ह्याचा माइक मानसाच्या बोलाच्या मापाचा हाये. रेच्याच्या मापाचा नाई. हा आकडा मॅनेजर एका मिन्टात खोटा पाडीन. मंग तुहं खरं असलेलंही खोटंच."

रेचा म्हणजे सरकी काढायचं यंत्र. जिनातल्या माणसाचा आवाज कायमचा चढलेला असतो, त्यामुळे माझी सात वाक्यं कशी गेली ते सगळ्या गल्लीने ऐकलं. मी संतापले. मान खाली घालून, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने पुटपुटले, "मालकाच्या बाजूनं बोलून राह्यले."

"मालकाच्या बाजूचा असतो," मिस्त्री पेनाचं टोपण लावत म्हणाले, "तं कान शाबूत असते माहे."

ते ओठ वाचतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

जिनातली सगळीच माणसं ओठ वाचतात. रेचे सुरू झाले की शेजारच्याच्या कानात ओरडूनही उपयोग नसतो. म्हणून ओठ स्पष्ट हलवायचे आणि हातांनी पूर्तता करायची. ती सवय घरी येते. मिस्त्रींची बायको यमुनाबाई त्याच जिनात रेच्यावर होती. मी तिला पाहिलेलं नाही, माझ्या ओळखीच्या आधीच ती गेली. पण शेजारची सिंधूबाई सांगायची, "त्याईच्या घरी भांडन व्हाय ना, तं भाईर समजेच ना. दोघं समोरासमोर बसून हात हालवत, तोंड हालवत. आवाज काई नाई. मंग यमुना ताटली आपटे. तवा आमाले समजे, लय जोरात चालू हाये." सिंधूबाईही अजून त्याच रेच्यांवर होती. हे सांगताना ती हसायची आणि तिचा स्वतःचाही आवाज घर भरून टाकायचा.

मिस्त्रींच्या सवयी सगळ्या फिटरच्या. चहा आला की आधी कपाची कड पुसायची. सायकल अंगणातून काढण्याआधी तिच्या चेनवरून फडकं फिरवायचं. खोललेलं यंत्र शेवटचा नट धुतल्याशिवाय चालू करायचं नाही. जिनात असताना मुकादम डोक्यावर उभा राहून शिव्या घालायचा तरी नाही. "गाळ घेऊन मशीन फिरली, का ते एका दिवसात वर्षाचं झिजते," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं, की मी त्याची थट्टा करायचे. आज वाटतं, थट्टा करण्याऐवजी त्याच वाक्यावर त्यांच्याशी एकदा भांडायला हवं होतं.

कान चांगले होते तेव्हा ते पेचकसाने, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने, ऐकायचे. पेचकसाचं टोक यंत्रावर, मूठ कानामागच्या हाडावर. बेरिंग सुकलंय की चाकाचा दाता झिजलाय ते अचूक सांगायचे. मग कान उतरत गेले. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग बायांच्या बोलण्यातले बारीक आवाज. अकोल्याला नर्स असलेली त्यांची मुलगी प्रज्ञा हिने आपला जुना लॅपटॉप त्यांना आणून दिला आणि त्यात आवाज तपासायचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर टाकून दिलं. वडील दुपारभर रिकामे बसतात, काही विरंगुळा व्हावा, एवढाच तिचा हेतू. सातवी शिकलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या त्या माणसाने दोन महिन्यांत ते कोळून प्यायलं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज घातला की पडद्यावर उभे सुळके येतात. डावीकडे जाडे आवाज, उजवीकडे बारीक. जो आवाज जोरात, त्याचा सुळका उंच. मिस्त्रींनी मला पहिल्यांदा दाखवला तो त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज.

"हा पाह्य. शंभरावर. सेकंदाले शंभर फेरे. हा दोनशेवर. हा तीनशेवर. आता मले सांग, हे तीन आवाज हायेत का एक?"

"तीन."

"एक! हे पूरं खानदान हाये वं. बाप पन्नास, वीजच सेकंदाले पन्नास फेरे घेते. त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट, सगळी त्याचीच लेकरं. जिथं वीज, तिथं हे खानदान. पंखा घे, मोटर घे, जिन घे." मग बोट दोन सुळक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर ठेवून म्हणाले, "इथं कोनी उभं दिसलं, तं तो घरचा नाई. त्याले इचाराचं, बाप्पा, तू कोनाचा?"

पुस्तकात ह्याला हार्मोनिक म्हणतात, असं मी सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि सोडून दिला. खानदानच बरं होतं.

ह्या विद्येने त्यांनी एका बाईचा जीव वाचवला, आणि त्याबद्दल जिनाने त्यांना एक कप चहासुद्धा दिला नाही. सिंधूबाईने मला फोनवर निरोप पाठवला होता, तोंडी: आज बायांच्या मिटिंगला येत नाही, जास्तीची पाळी लागली. बोलताना ती रेच्याजवळच होती, तिच्या शब्दांमागे नुसती घरघर. मिस्त्रींनी सहज म्हणून तो निरोप लॅपटॉपवर घेतला. खानदान दिसलं. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं, पुढच्या जागी थांबलं, परत मागे आलं. कागदावर काहीतरी भागाकार केला.

"तीन नंबरचा रेचा," ते म्हणाले. "बेरिंग चाललं. चार दिवस."

पायात चपला घालून ते तसेच निघाले. मी मागे. फाटकावरचा वॉचमन त्यांना आत सोडेना. शेवटी मॅनेजर बाहेर आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मिस्त्री, रिटायर झालात ना? आराम करा आता." मिस्त्री आराम करायला गेले नाहीत. फाटकासमोरच्या ओट्यावर ते पाळी सुटेपर्यंत बसून राहिले. बाया बाहेर आल्या तेव्हा रस्त्याच्या ह्या बाजूने, एक शब्द न बोलता, नुसत्या ओठांनी आणि हातांनी त्यांनी सांगितलं: तीन नंबर, डाव्या अंगाला बसू नका. वॉचमन बघत होता, त्याला काही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी बेरिंग फुटलं. दांड्यावरचा पत्रा उडून भिंतीवर आदळला, जिथे सिंधूबाई रोज बसायची बरोबर त्याच जागी. ती उजव्या अंगाला होती.

मी धावत मिस्त्रींकडे गेले. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा तयार होता. ते लॅपटॉपसमोर बसले होते आणि चेहरा पडलेला. "चार दिवस म्हनलो होतो मी," ते म्हणाले. "तीनच गेले. कुठीतरी चुकलो." संध्याकाळपर्यंत ते आपली चूक शोधत राहिले.

अशा माणसाने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली, ती त्या कॅसेटच्या बाबतीत.

कॅसेट प्रज्ञाच्या नामकरणाच्या दिवशीची. जिनामागच्या अंगणात बाया जमल्या होत्या, यमुनाबाईच्या भावाने टेपरेकॉर्डर लावला होता. हंगामाचे दिवस, भिंतीपलीकडे रेचे चालू. बायांनी गाणी म्हटली. शेवटचं यमुनाबाईने म्हटलं, स्वतः जुळवलेलं. तिचा आवाज असलेली जगातली ही एकच वस्तू. प्रज्ञाला ती मामाच्या घरच्या पेटीत सापडली आणि तिने ती वडिलांना आणून दिली. मिस्त्रींनी ती मला दाखवली तेव्हा कॅसेट तळहातावर होती, आणि दुसऱ्या हाताने ते तिच्यावरची धूळ पुसत होते.

"मले तिचे ओठ पाठ हायेत," ते म्हणाले. "आवाज नाई. जिनात ओठ, घरी ओठ. पूरी जिंदगी मी तिले पाह्यलं. आयकलं नाई."

कानाच्या डॉक्टरांनी तोवर सांगून टाकलं होतं, की उरलेलं थोडं आहे आणि तेही जाईल. केव्हा, ते सांगता येत नाही. मिस्त्रींनी ठरवलं: आहे तेवढ्या कानात यमुनेचं गाणं घालायचं. पण जिनाची घरघर काढून. स्वच्छ. ज्या यंत्रांनी दोघांचे कान खाल्ले, त्यांचा एक फेराही त्या गाण्यात राहू द्यायचा नाही.

मी मेहकरहून एक चालू टेपरेकॉर्डर मागून आणला. माझ्या खोलीवर कॅसेट वाजवून गाणं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. म्हणजे मी ते ऐकलं. घरघरीच्या मागून एक जाडसर, थकलेला, पण न ढळणारा आवाज:

रुई उडे, रुई बसे, रुईचं गं आभाळ,
पोर माही वाट पाहे, चाल बाई घरी.

मिस्त्रींनी आवाजाची पट्टी शून्यावर ओढून मगच फाइल उघडली. पहिल्याच नजरेला म्हणाले, "हे खोटं हाये. जिनाचा सुळका शंभरावर पाह्यजे, हा ब्याण्णववर हाये. तुह्या टेपचा पट्टा ढिला. गानं हळू चाललं." त्यांनी गाण्याची गती वाढवत नेली, जिनाचा सुळका बरोबर शंभरावर येईपर्यंत. "वीज खोटं बोलत नाई. आता यमुना तिच्या खऱ्या आवाजात हाये."

"मंग आयका ना, मामा. एकदा. आता."

"नाई."

"काऊन पन?"

"गाळ घेऊन मशीन फिरवत नाई मी. साफ झालं का आयकीन. घानेरडं आयकलं, तं कानात तेच बसून राहीन."

हेच ते भांडण, जे मी केलं नाही. मॅनेजरशी भांडले, प्राचार्यांशी भांडले, बसमधल्या कंडक्टरशीसुद्धा भांडले. ह्या माणसासमोर मात्र मला वाटलं, केवढा हा निश्चय! आणि मी गप्प बसले. आम्हा चळवळीतल्या पोरांना निश्चयाचं फार कौतुक. तो निश्चय कुठे चाललाय ते आम्ही बघत नाही.

आठ महिने ते काम चाललं. पन्नासाच्या प्रत्येक पटीवर काप घ्यायचा, म्हणजे तेवढ्याच जागेचा आवाज पुसायचा. पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे. थेट वरपर्यंत. वीज थोडी हलते, एकोणपन्नासावर येते, एकावन्नावर जाते, म्हणून त्यांनी प्रत्येक काप जरा रुंद ठेवला. गाण्याच्या प्रत्येक सेकंदाला वेगळं तपासलं. सगळं डोळ्यांनी. स्पीकरची वायर काढून त्यांनी फडताळात ठेवून दिली होती.

त्या आठ महिन्यांत माझं चार वाक्यांचं पत्रक वाटलं गेलं. जिनात कानात घालायच्या बुचांचं एक खोकं आलं, मुकादमाच्या कपाटात ठेवलं गेलं, आणि सरकारी तपासणीच्या दिवशी तेवढं बाहेर निघालं. मी हे चिडून सांगायला गेले की मिस्त्री पडद्यावरून नजर न काढता म्हणायचे, "माह्याकडं तोंड करून बोल." आधी ते असं म्हणत नसत. एकदा त्यांच्या मागे ट्रकने हॉर्न दिला आणि ते वळले नाहीत. प्रज्ञाने शिबिरातून कानाचं यंत्र आणून दिलं. त्यांनी चार दिवस लावलं आणि काढून ठेवलं. "सगळं एकाच पोत्यात भरून देते," म्हणाले. मी मोजत नव्हते. ते मोजत होते का, माहीत नाही. कदाचित म्हणूनच दुपारची झोपसुद्धा त्यांनी सोडली होती.

एका रविवारी सकाळी सिंधूबाईचा फोन आला. "ये वं. मिस्त्रीनं बलावलं. नवा सदरा घालून बसले."

घर झाडलेलं होतं. स्पीकर जोडलेले होते. मिस्त्री भिंतीला टेकून, मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मला वाटतं, लग्नाला उभे राहिले असतील तेव्हाही ते एवढे नीटनेटके नसतील. सिंधूबाई उंबऱ्यात बसली. मी बटण दाबलं.

घरघर गेली होती. संपूर्ण गेली होती. आणि तिच्याबरोबर गाणंही.

उरलं होतं ते शब्दांचं साल. श्वास, ओठ मिटल्याचा आवाज, 'स'काराची सळसळ. मध्येच कुठेतरी क्षणभर एक सूर उमटायचा आणि बुजायचा. कोणीतरी कानाशी कुजबुजतंय, पण कंठ नसलेलं. सिंधूबाईने पदर तोंडाला लावला.

मिस्त्रींनी आवाज वाढवायला सांगितला. मी वाढवला. अजून. अजून. गाणं संपलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मले काईच आयकू नाई आलं," ते म्हणाले. "माहे कान गेले, का आवाज गेला? खरं सांग."

मी आयुष्यभर खरं बोलण्याच्या बाता मारत आले आहे. त्या क्षणी मला 'कान' म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं तर आठ महिन्यांचं काम तरी त्यांच्यापाशी राहिलं असतं. पण ते माझ्या ओठांकडे बघत होते, आणि त्यांच्यासमोर ओठांनी खोटं बोलणं मला जमलं नाही.

"आवाज, मामा. आवाज नाई त्याच्यात."

"माहीत हाये, का वाटते?"

"माहीत हाये."

त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. आधीची, न कापलेली फाइल उघडली. यमुनाबाई पहिला शब्द लांबवते ती जागा काढली आणि सुळक्यांवरून बोट नेलं. दोनशे. चारशे. सहाशे. दुसरी ओळ जिथे चढते तिथे तीनशे, सहाशे, नऊशे. बराच वेळ बोट तिथेच राहिलं.

"सिंधू," त्यांनी विचारलं, "तुमी बाया सूर कुठून घ्या?"

सिंधूबाईला प्रश्नच कळला नाही. "सूर? रेच्यातून. दुसरा कुठी होता? कानात तोच राहे दिवसभर. घरी आलं तरी तोच. आमच्या काय घरी बाजाची पेटी होती?"

मिस्त्रींनी मान हलवली. ते मला समजावून सांगू लागले. आवाज नेहमीसारखा मोठा, फक्त मधे मधे तुटत होता. ती जिनाच्या सुरात गात होती. जिन शंभरावर घरघरायचं, हिने त्याच्या दुपटीवर सूर धरला. जन्म त्या घरघरीत गेला, तोच सूर गळ्यात बसला. तिचा सूर आणि जिनाचा सूर पडद्यावर एकाच जागी उभे होते. जिन समजून त्यांनी जे जे कापलं, त्यातलं अर्धं ती होती.

"बाया रेच्यासंग गातात, मले काय माहीत नव्हतं?" ते म्हणाले. "एकतीस वर्सं पाह्यलं. त्याईचे ओठ एकदमच हालत, रेच्यासंग. मी पाह्यलं होतं ना. एकदा, नुसतं एकदा आयकलं असतं, तं समजलं असतं."

मी न कापलेलं गाणं लावलं, पूर्ण आवाजात. भिंतीवरची फ्रेम थरथरली. यमुनाबाई गात होती, जाडसर, थकलेली, सुरात. सिंधूबाई उंबऱ्यात बसून तिच्यासोबत गुणगुणायला लागली आणि रडायला लागली. मिस्त्री डोळे मिटून बसले होते. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"जिन आयकू येते," ते म्हणाले. "ती नाई."

त्यानंतर मिस्त्री दोनच महिने होते. एका पहाटे झोपेतच गेले. डॉक्टर हृदय म्हणाले. वस्तीने काम बंद ठेवलं, जिनाने ठेवलं नाही. प्रज्ञाने दोन्ही फाइली एका पेनड्राइव्हवर घेतल्या आणि मला विचारलं, दुसरी पुसून टाकू का, ती बिघडलेली. मी म्हटलं, नको. का नको, ते तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही. इथे सांगते.

ते जाण्याच्या आठवडाभर आधी मी त्यांच्याकडे गेले होते. दुपार होती. ते लॅपटॉपसमोर होते, आणि पडद्यावर तीच बिघडलेली फाइल होती, कापलेली. मला वाटलं, शिक्षा म्हणून बघत बसलेत. मी झाकण मिटायला हात पुढे केला, तो त्यांनी धरला.

"थांब. इथं पाह्य."

सगळीकडे सपाट होतं, खानदान छाटल्यावर असायचं तसं. पण एके ठिकाणी बारीक सुळके उभे होते. दोनशे पंचवीस. दोनशे सहासष्ट. पन्नासाच्या कुठल्याच पटीवर नाही. मोकळ्या जागेत.

"हे जिनाचं नाई," ते म्हणाले. "भागून पाह्यलं. कशातच बसत नाई. असे सहा जागी हायेत पूऱ्या गान्यात. इथं तिनं रेचा सोडला. इथं ती एकटी हाये."

मग त्यांनी मला कानाला लावायचे हेडफोन दिले आणि पहिल्या जागेवर बोट ठेवलं. "इथं कोनता शब्द हाये?"

मी ऐकलं. कुजबुजीतून क्षणभर कंठ फुटला. स्वच्छ, उघडा, त्याच्या मागेपुढे काही नाही. मी वहीवर लिहिलं: घरी.

त्यांनी वाचलं. दुसऱ्या जागेवर बोट ठेवलं. "आन् इथं?"

घरी.

"इथं?"

ते धृपद होतं. प्रत्येक कडव्यानंतर तेच येणार, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी ते विचारत होते, आणि मी प्रत्येक वेळी आधी ऐकून, मगच लिहीत होते. चौथी जागा. पाचवी. सहाव्या जागेवर बोट ठेवून ते काही विचारायचं विसरले. मी लिहिलेली वही त्यांच्याकडे सरकवली तरी त्यांनी तिकडे पाहिलं नाही. ते पडद्याकडेच बघत होते, एका बारीक, एकट्या सुळक्याकडे, आणि त्यांचे ओठ हलत होते.

मी चपला घातल्या आणि दार नुसतं लोटून घेतलं.